नातीचा जबडा आणि माझे अंगठे

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा, नात तेराची. शाळा माझी दुसरीपर्यंतच, पण मुरगळलेला पाय, उतरलेला खांदा घेऊन लोक दिग्रसहून आमच्या गावी यायचे. हा हात मला बापानं दिला, आणि त्याचा ताठा मला होता, तो मी लपवत नाही.

नात जेवायला बसली की तिच्या कानापाशी कट् असा आवाज यायचा. भाकर चावता चावता ती थांबायची, गाल धरायची. सून म्हणाली, "मामाजी, यवतमाळले दाखवून आणू."

"घरात मी असताना? लोक हासतीन मले."

पोरीला पुढ्यात बसवलं. कानापाशी तेल चोळलं, दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर टेकवले आणि जबडा जोरानं खाली ओढला. ती किंचाळली. पण आवाज बंद झाला तो झालाच. दोन दिवस मी पारावर सांगत होतो, "बसवलं." घरी पोरीच्या तोंडात घास जात नव्हता, ती पेजेवर होती.

तिसऱ्या दिवशी सुनेनं मला न विचारता तिला बसमध्ये बसवलं. मीही चढलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या दातांमध्ये बोटं घालून पाहिली. तीन मावायला पाहिजेत, दीडच मावलं. म्हणाल्या, "कानापुढच्या सांध्यात गादी असते, ती सरकून अडकली आहे. आवाज गेला म्हणजे बरं झालं, असं नसतं. हिचं वाढीचं वय आहे. बाहेरून जोर लागला असेल तर मला कळलं पाहिजे. काही झालं होतं का?"

सून माझ्याकडे पाहत राहिली. मी खिडकीकडे. नातच अर्ध्या तोंडानं बोलली, "मोठी जांभई देल्ली होती."

बाईंनी तेच कागदावर लिहिलं.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "खोटं काहून बोलली वं?"

"पारावर सांगत होते ना, बसवलं बसवलं? खरं सांगतलं असतं तं लोक आले असते काय तुमच्याकडं, आबा?" ती हसायला गेली आणि गाल धरून बसली.



दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं एकटाच यवतमाळला गेलो. रांगेत उभा राहिलो. नंबर आला तेव्हा दोन्ही अंगठे बाईंच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "ते जांभईचं खोडा, बाई. जबडा मी ओढला."