लॉर्नाचा पहिला फटका

माझ्या मागच्या दोन खोल्यांत स्पॅनिश शिकायला आलेले मिशनरी राहतात. वर्षभर शिकतात, मग होंडुरास म्हणा, बोलिव्हिया म्हणा, देव पाठवेल तिकडे जातात. सगळे एका साच्यातले. उन्हानं लाल झालेले, आणि इतके सभ्य की कोंबडीनं अंडं दिलं तर तिचेही आभार मानतील. लॉर्ना तेवढी निराळी. सभ्य तीही होतीच, पण आत काहीतरी रटरटत होतं. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं. तिच्या नवऱ्याला, हार्लनला, दोन मुली होऊनही दिसलं नव्हतं. पुरुषांचं काय सांगायचं, शर्टानं पेट घेतला तरी म्हणतील, आज जरा उकडतंय.

आली त्याच आठवड्यात आमच्या कोपऱ्यावर बसवाल्याला गोळी घातली. टोळीवाल्यांचा हप्ता चुकला होता त्याचा. लॉर्ना दूध घेऊन परत येत होती. घरी पोचली तेव्हा चपला रक्तानं भरलेल्या, दुधाची पिशवी मात्र धड.

"मेचेसमावशी, पोलीस कधी येतात?" तिनं मला विचारलं.

"प्रेत गार झालं की."

शाळेतली बाई तिला शिकवायची खिडकी, चमचा, माझा भाऊ उंच आहे. आमची गल्ली शिकवायची सुरा, गोळी, प्रेत. गल्लीचं तिला लवकर पाठ झालं.

पोलीस असे, म्हणून आमच्याकडे शिट्ट्या. गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात एक. शिट्टी वाजली की घरटी एकानं काठी घेऊन बाहेर पडायचं, नाही पडलं तर त्या घराशी कुणी बोलत नाही. चोराला चौकात आणायचं. धरताना लाथाबुक्क्या बसतात, त्या हिशेबात नाहीत. खरा पहिला फटका, ज्याची वस्तू गेली त्याचा. मग सगळ्यांचा. मग पेट्रोल. मागच्या पावसाळ्यात एकाला असंच जाळलं. त्या वासानं माझ्या कुत्र्यानंही अन्नाला तोंड लावलं नाही. हार्लन गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत राहिला. लॉर्नानं आधी ओकून घेतलं, मग मुलींची डोकी धुतली, आणि परत धुतली.

या सगळ्याची म्होरकी त्रान्सितो. डुकराचं मटण विकते, मनगट माझ्या पोटरीएवढं. तिच्या पोराला एका फोनसाठी भोसकलं होतं. तेव्हापासून ती पेट्रोलचा डबा दुकानातच ठेवते, सोललेल्या डुकरांच्या खाली. लॉर्नावर मात्र तिचा जीव. लॉर्ना गवळ्याच्या घरातली, खाटकाचं काम बघून नाक मुरडायची नाही. रोज तिथे उभी राहून तोडकंमोडकं बोलायची.

"काय गं पांढरे," त्रान्सितो खिजवायची, "आज तुझ्या पास्तरनं, त्या पाद्री नवऱ्यानं, घरातलं काय वाटलं?"

कारण हार्लन वाटायचा! ब्लँकेट, शर्ट, मुलींचे नवे बूट. आणि तेही गुपचूप. त्याच्या पुस्तकात लिहिलंय म्हणे, उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये. त्याच्या घरात डावा हात म्हणजे लॉर्ना. बिचारी कपाट उघडायची आणि आत हवा. ओठ घट्ट मिटून शेगडी घासत बसायची. "अगं, जरा ओरड, भांडी आपट," मी म्हणायचे. "आमच्यात नाही ओरडत," म्हणायची. आणि शेगडीचा रंग उडायचा.

बरं, नुसतं वाटून थांबला असता तर एक वेळ चाललं असतं. ईस्टरच्या आधी रोलो नावाच्या गुंडाला हार्लनचं जाकीट चोरताना धरलं. हा लांब ढांगा टाकत आला आणि म्हणाला, "मीच दिलं त्याला." सगळ्यांना ठाऊक, खोटं बोलतोय. पण ज्याची वस्तू तोच म्हणतो, काय करणार? सोडलं. पुढच्याच आठवड्यात त्या रोलोनं त्रान्सितोच्या बहिणीचं बोट अंगठीसकट कापून नेलं. त्रान्सितोनं त्या कापलेल्या बोटाचं थोटूक हार्लनपुढे धरायला लावलं बहिणीला. म्हणाली, "पास्तर, यापुढे या गल्लीत तुझा शब्द चालणार नाही." तो रडला. पण सुधारला? छे!

गुरुवारी दुपारी मी आणि लॉर्ना मुलींना घेऊन बाजारातून येत होतो, तर शिट्टी वाजली. एक, मग दुसरी, मग सगळ्या गल्लीभर. लाकडं वाहणारा निचो आमच्याच मागच्या दारातून निघताना सापडला, पाठीवर गॅसचा सिलिंडर. गरीब माणूस, बायको तोना बाळंतीण, चुलीच्या धुरानं खोकून खोकून अर्धी झालेली.

"मला दिलाय," तो म्हणाला.

"कुणी?"

"सांगता येत नाही. देवाची शपथ घेतलीय."

अरे गाढवा! असं उत्तर दिल्यावर माणसं काय करणार? मुलींना मी शेजारणीकडे ढकललं. आम्ही चौकात पोचलो तोवर निचोचा एक पाय नको तिकडे वळला होता. डाव्या डोळ्याच्या जागी नुसता लाल चिखल. कुणीतरी त्याच्या दातांवर दगड मारला, आणि तो आवाज, जाऊ दे. त्रान्सितोनं डबा आणून ठेवला होता. शिट्ट्यांच्या आवाजानं शाळेतून हार्लन धावत आला, धापा टाकत.

"मी दिला! खरंच मी दिला!"

लोक हसले. हो, हसले. मारतानासुद्धा हसू येतं माणसांना.

"मागच्या वेळीही तूच दिलं होतंस," त्रान्सितो म्हणाली. "माझ्या बहिणीला विचार, कितीला पडलं ते."

"या वेळी खरं आहे, देवाशप्पथ!"

"तुझा देव तुला फार माफ करतो, पास्तर. बाजूला हो." मग ती लॉर्नाकडे वळली. "तू खोटं बोलत नाहीस, पांढरे. सांग. यानं दिला?"

मी मनात म्हणत होते, हो म्हण गं बाई, एकदा तरी खोटं बोल! लॉर्नानं नवऱ्याकडे पाहिलं, निचोकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

संपलं. निचो म्हणजे आता वात होता, काडी लागायचा अवकाश. त्रान्सितोनं तिच्या हातात जाडजूड दंडुका दिला. "स्वयंपाकघर तुझं, सिलिंडर तुझा. पहिला फटका तुझा."

लॉर्ना दंडुका धरून उभी. मग नवऱ्याला म्हणाली, स्पॅनिशमध्येच, अख्ख्या चौकासमोर, "मला का नाही सांगितलं?"

"दान गुपचूप असावं, लॉर्ना..."

"मुलींचं जेवण कशावर करणार होते मी?"

"देव काहीतरी..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. गायी हाकलणारे हात ते! दंडुका त्याच्या खांद्यावर उतरला आणि गळ्याजवळचं हाड मोडलेलं आम्हां सगळ्यांना ऐकू आलं. तो खाली बसला. तिनं दुसरा मांडीवर घातला. "बूट!" तिसरा पाठीत. "ब्लँकेट!" मग बरगड्यांवर. "माझ्या आईची रजई!" व्याकरण सगळं बरोबर, शाळेतली बाई असती तर खूश झाली असती. हार्लन हात वर करून "हो, हो, तीही मीच दिली" म्हणत होता, आणि निसटता टोला बसून फुटलेल्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरत होतं.

कुणाची काठी हलेना. शेवटी त्रान्सितोनंच तिचं मनगट पकडलं.

"पुरे. मरेल तो, आणि तुला स्पॅनिशमध्ये रडायला लागेल." मग लोकांकडे वळून म्हणाली, "सोडा निचोला. पास्तरनं दिलाय सिलिंडर. बायको नाटकात असं मारत नाही."

एक म्हातारा कुरकुरला, "पण आता इतकं मारून झालंय, अर्धवट कसं सोडायचं..."

"मग ये, तुला मारून कसर भरून काढते," त्रान्सितो म्हणाली आणि डबा उचलून दुकानात गेली. निचोकडे तिनं पाहिलं नाही. पाहू शकली नाही, असं मी म्हणेन. ती म्हणेल, गिऱ्हाईक थांबलं होतं.

दोघांना तिच्याच मटणाच्या हातगाडीवर घातलं, पास्तर आणि हमाल शेजारी शेजारी, आणि दवाखान्याकडे ढकलत नेलं. वाटेत मी लॉर्नाच्या कानाशी लागले. "काय गं, नाटकच ना ते? डोकं चांगलं चालवलंस."

"पहिला फटका निचोसाठी होता, मावशी," ती म्हणाली. गाडी ढकलत राहिली. "पुढचे माझे."

हार्लन ऐकत होता. कण्हायचा थांबला.

दवाखान्यात डॉक्टर यायला वेळ होता. तोना बाळाला छातीशी धरून धावत आली, लॉर्नाच्या हातातला ओला फडका बघून ओरडली, "हात लावू नकोस त्याला! तुम्ही आलात म्हणून झालं हे." लॉर्ना मागे सरली नाही. तोनानं तिच्या पाठीत बुक्की मारली, पुन्हा मारली, मग बाळ रडायला लागलं म्हणून थांबली. निचोचा डावा डोळा गेलाच होता. उजवा सुजून बंद व्हायच्या बेतात.

"पास्तरबाई," तो फुटलेल्या तोंडानं म्हणाला, "साहेबांना सांगा. मी त्यांचं नाव घेतलं नाही हं. शेवटपर्यंत नाही घेतलं."

"घ्यायला हवं होतंस रे," लॉर्ना म्हणाली, आणि त्याच्या उरलेल्या डोळ्यातलं रक्त पुसत राहिली.