बिनआवाजाच्या टाळ्या

ग्रुपमधल्या आयांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आज सनाला बालवाडीतून आणायला जरा लवकर गेले. मुलं गाणं म्हणत टाळ्या वाजवत होती. माझी साडेतीन वर्षांची सनाही बरोबर ठेक्यात हात हलवत होती, पण तिचे तळवे एकमेकांना लागतच नव्हते.

बाई हळूच म्हणाल्या, "सनाच्या अम्मी, एकदा तिचे कान तपासून घ्या. गातानाही ती नुसते ओठ हलवते."

कानांना काही झालेलं नाही, हे मला तिथंच कळलं. सनाचे अब्बू वाळूजला कंपनीत रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात. घर एका खोलीचं. तिनं डबा बडवला, गाणं म्हटलं, की मी लगेच म्हणते, "श्शू! अब्बू उठतील."

संध्याकाळी ते कामावर गेल्यावर मी तिच्यापुढं डबा ठेवला. "वाजव बेटा, लई जोरात वाजव. आता कुणी झोपलेलं नाय."

तिनं रिकाम्या पलंगाकडं बघितलं आणि माझ्याच ओठांवर बोट ठेवलं.

तुमच्याही घरी दिवसा कुणी झोपतं का? मग तुमची लेकरं गातात कुठं?