ओडेटने दार उघडलं नाही

ओडेट वेयोच्या मेपलच्या गुऱ्हाळात मार्च महिन्यात कुणी आजारी पडायचं नाही, असा अलिखित नियम होता. रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं, अशी हवा काही आठवडेच टिकते. तेवढ्यातच मेपलच्या झाडांतून गोड रस पाझरतो आणि तो आटवून, पाक करून तेवढ्यातच वर्षाची बेगमी करायची. शिवाय रविवारी ताज्या पाकाबरोबर जेवायला गावोगावची कुटुंबं येणार. क्यूबेकात बोसच्या टेकड्यांवर सगळीच गुऱ्हाळं अशी चालतात, पण ओडेटसारखी एकहाती चालवणारी बाई शोधून सापडायची नाही.

नवरा गेल्यावर शेजारीपाजारी सल्ला द्यायला आले, की विकून मोकळी हो. तिने सगळ्यांना पोटभर जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चुलाण पेटवलं. काहिलीखाली लाकडं सारणं, उतू जाणारा फेस बसवायला त्यावर लोणी टाकणं, सूप वाढणं, रुसलेल्या गिऱ्हाइकाला हसवणं, सगळं तीच करायची. स्वतः मात्र ओट्याशी उभ्याउभ्या चार घास गिळायची. हाताला मुंग्या यायच्या, छाती भरून यायची, पण हे तिने कुणाला सांगितलं असेल तर शपथ!

गेल्या हंगामाच्या अगदी अखेरीस ती लाकडांच्या ढिगाशी कोसळली. दवाखान्यात तपासलं तर हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, मार्चमध्ये जरा सुट्टी घ्या.

"मार्चमध्ये?" ओडेट म्हणाली. "मग आमच्या पाद्रीबाबांनाही सांगा, नाताळात सुट्टी घ्या म्हणून."

डॉक्टर हसले. तिची मुलगी मारीज हसली नाही. घरी आल्यावर तिने स्पष्टच सांगितलं, "पुढच्या हंगामात काहील माझी. मी बोलावल्याशिवाय काहिलीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. टाकलंस, तर मी शहरातली नोकरी धरते. तुला मरताना बघत मी इथे राहायची नाही, आई."

ओडेटने कबूल केलं. हंगाम संपलेला होता, त्यामुळे कबूल करणं सोपं गेलं.

यंदा मार्च आला आणि तिचा जीव त्या बंद दाराशी घुटमळू लागला. स्वयंपाक सांभाळायला आलेली नणंद युगेट तिला चिडवायची, "वहिनी, दाराला कान लावून पाक घट्ट होत नाही. अंडी थंड होतायत, वाढ!"

आणि मग हंगामातल्या सगळ्यात गर्दीच्या रविवारी वास आला. जळक्या साखरेचा. सगळ्या पंगतीने माना वर केल्या. बोसमधल्या लहान पोरालाही तो वास कळतो. काहिलीतला रस आटून तळाला लागलाय. आता क्षणभर उशीर झाला तर काहीलच वाकडी होणार, आणि काहील गेली की हंगाम गेला.

ओडेटच्या हातात आम्लेटची परात होती. पाय आपोआप दाराकडे वळले. आत गेलं तर काहील वाचेल आणि पोरगी जाईल, हे तिला लख्ख दिसत होतं. परात तिने समोरच्या टेबलावर ठेवून दिली.

"लुसियाँ, सरक जरा," ती जुन्या गिऱ्हाइकाला म्हणाली आणि बाकावर बसली.

"अगं, जळतंय ना आत!"

"मारीज आहे आत."

"तू जात नाहीस?"

"नाही. ते सूप इकडे दे."

चमचा दातांवर वाजत होता. तिला भयंकर भीती वाटत होती. एवढ्या वर्षांत कुठल्याच वादळात वाटली नव्हती इतकी. आतून फावड्याचे आवाज आले, मग चर्रर झालं. काहील गार करायला पोरीने बाहेरचा बर्फ ओतला, तिने ओळखलं. तरी ती उठली नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मारीजचं तोंड काळवंडलेलं, डोळे लाल.

"काहिलीत रस आणणाऱ्या नळीत बर्फ अडकला होता. मी पाकाचा रंगच बघत बसले, रसाकडे लक्षच दिलं नाही. आजचा सगळा पाक गेला. काहील वाचली, पण तळाला कोळसा झालाय." मग तिला टेबलाशी बसलेली आई दिसली. आईला असं बसून जेवताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिचा आवाज बारीक झाला. "तुला वास नाही आला?"

"आला की."

"मग?"

"बोलावलं नव्हतंस."

मारीजने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. "आता बोलावते. खरवडायला दोघी लागतील. उद्या रस थांबायचा नाही."

"येते," ओडेट म्हणाली, "जेवण झालं की." आणि खरंच, ताट संपवूनच उठली.