दरवाज्यातून गाडी निघंल का?

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी आयुष्यभर एसटी चालवली, स्वतः मात्र कधी चालले नाहीत. घरापासून डेपोपर्यंत स्कूटर आणि डेपोत गाडीच्या दारात पाय टाकला की पुढचं सगळं गाडीच बघायची. निवृत्तीनंतरही तोच थाट. गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाला आहे, तरी दळण आणायला स्कूटर. कुणी हसलंच तर म्हणायचे, "चालायचंच व्हतं तर स्टेअरिंग कशाला धरलं असतं?"

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली. आमच्या मुकुंदवाडीतल्या सगळ्या गल्ल्यांत बातमी गेली की ड्रायव्हरसाहेबांना स्प्रिंग बसवली. डॉक्टर चांगले होते, स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "माझं काम झालं, आता तुमचं. रोज सपाटीवर सावकाश चालायचं. नाही चाललात तर पुन्हा माझ्याकडेच याल."

दादांनी गोळ्या मानल्या, पथ्य मानलं, चालणं तेवढं मानलं नाही. नुसता आळस असता तर मी भांडून काढला असता, भांडायला मी कमी नाही. पण ती भीती होती. जिभेखाली ठेवायच्या गोळीची पट्टी शर्टाच्या वरच्या खिशात असायची आणि त्या खिशावर कायम त्यांचा तळहात. टीव्ही बघताना, कुणाशी बोलताना, झोपेतसुद्धा. दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत दिवसभर बसायचे आणि गल्लीतून जाणाऱ्यांना बसूनच नमस्कार करायचे. "रस्त्यात पडलो तर कोण उचलंल?" एवढंच उत्तर. ज्यांनी दौलताबादच्या घाटात धुक्यातून भरलेल्या गाड्या काढल्या, ते घरासमोरची गटार ओलांडायला घाबरत होते. मला त्यांचा रागही यायचा आणि रडूही यायचं, बहुतेक वेळा दोन्ही एकदमच.

मी मागच्याच गल्लीत दिलेली, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ माझी फेरी असतेच. एकदा हाताला धरून त्यांना बागेत नेलं. एक चक्कर झाली आणि ते बाकावर बसले.

"हे काय बैलासारखं गोल गोल? सुटायचं कुठून, पोचायचं कुठं, काय पत्ता नाय. रूट पाहिजे माणसाला."

मी मनातल्या मनात टाळी दिली. रूटच पाहिजे ना? मग आपल्या गावात थांब्यांना काय तोटा आहे. जिकडं जावं तिकडं एक दरवाजा उभा आहे. त्या रात्री मी आईला शेजारी बसवून सपाट रस्त्यांचा एक रूट ठरवला. भडकल दरवाजा हे सुटायचं ठिकाण. तिथून पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा, मग मकाई दरवाजा. आणि शेवटचा थांबा दौलताबादचा किल्ला. पण हे एका दिवसात नाही, एका रविवारी जमेल तेवढं.

"आणि त्यांनी मधीच बसकण मारली तर?" आईने विचारलं.

"तर रिक्षा."

"मग मी डबा घेते," आई म्हणाली. रिक्षा आणि डबा यांचा काय संबंध ते मी विचारलं नाही. आई कुठेही निघाली तरी डबा घेतेच.

पहिल्या रविवारी भडकल गेटला उतरलो. दादांनी दरवाज्यासमोरच्या पुतळ्यापुढे चप्पल काढून हात जोडले, मग चप्पल घालून दरवाज्याकडे वळले. मला वाटलं, आता काही इतिहास सांगतील. शाळेत असताना मला सगळा पाठ होता, तो मीही सांगायला टपलेलीच होते. दादांनी कमान वरपासून खालपर्यंत पाहिली, डोळे बारीक केले आणि निकाल दिला. "आरामात निघंल. वर कॅरिअरवर पोती असली तरी निघंल."

"काय निघंल?"

"गाडी."

तेव्हापासून आमच्या शहराचे सगळे दरवाजे मी नव्याने पाहिले. कोणत्या बादशहाने, कोणत्या सरदाराने बांधले ते दादांच्या लेखी गौण. दुसऱ्या रविवारी महमूद दरवाज्यापासून सुटलो, तेव्हा त्याच्याखाली उभे राहून त्यांनी दोन्ही हात पसरून अंदाज घेतला, म्हणजे एकच हात पसरला, दुसरा खिशावर होता. "निघंल, पण आरसा दुमडून. अन् कंडक्टर खाली उतरला पाहिजे." मकाई दरवाज्याला त्यांनी रिक्षातूनच जाताना पास केलं आणि येताना नापास. कारण विचारलं तर म्हणाले, "येताना सूर्य डोळ्यावर येतोय."

आई म्हणाली, "लग्नाच्या वेळी मला सांगितलं नाय कुणी, हा माणूस असा हाय म्हणून."

मजा येत होती, खोटं का बोलू. पाणचक्कीच्या हौदाशी आम्ही आईच्या डब्यातल्या धपाट्यांवर ताव मारायचो, खाली मासे बघायचो, आणि दादा तिथल्या सहलीच्या गाड्यांचे टायर बघून यायचे. पण एक गोष्ट तशीच राहिली होती. एकही रूट पुरा झाला नव्हता. पुढचा दरवाजा समोर दिसत असायचा आणि दादा अचानक थांबायचे. हात खिशावर घट्ट. कपाळावर घाम.

"बस झालं. रिक्षा बघ."

दुखत काही नसायचं. तपासण्याही ठीक आल्या होत्या. पण त्यांच्या मनाने ठरवलं होतं की अर्ध्या वाटेपलीकडे आपण जाऊ शकत नाही, आणि मनापुढे माझा काय पाड लागणार? घरी येताना रिक्षात ते बाहेर बघत बसायचे. मी आईकडे बघायची, आई डब्याच्या झाकणाकडे.

शेवटी मी म्हटलं, पुढच्या रविवारी सरळ शेवटचा थांबा. दौलताबाद.

"दादा, तुम्ही किल्ला पाहिलाय का?"

"रोज पाहिला. जाताना डावीकडं, येताना उजवीकडं."

"आत जाऊन?"

"टाइम कुठं असतो? गाडी पिशोरला वेळेत पोचवायची का किल्ले बघायचे?"

म्हणजे कन्नडमार्गे पिशोरची गाडी इतकी वर्षं देवगिरीच्या पायथ्याने नेली-आणली आणि एकदाही खाली उतरले नाहीत. मी सगळ्यात सोपा रस्ता शोधला. किल्ल्याच्या पुढे, दौलताबाद गावाबाहेर, घाटाच्या तोंडाशी, जुन्या तटबंदीत दिल्ली दरवाजा आहे. सगळा हमरस्ता त्या एका कमानीतून जातो. रिक्षाने तिथे उतरायचं आणि तिथून खाली किल्ल्याच्या दारापर्यंत चालायचं. चढ नाही. किल्ल्यातही चांद मिनारपर्यंत सपाटच आहे. वरच्या पायऱ्यांचं मी नावही काढलं नाही. रिक्षावाल्याला सांगितलं, "तुम्ही किल्ल्यापाशी थांबा, आम्ही येतो चालत." हे ऐकून दादांचा हात खिशावर आणखी घट्ट बसला.

आम्ही उतरलो तर दरवाज्यात ही गर्दी. घाटाकडून एक लाल एसटी कमानीत तोंड घालून उभी आणि खालून वेरूळला निघालेली सहलीची मोठी बस तिच्या नाकाला नाक लावून उभी. मागे दोन्हीकडे मोटारी, जीप, दुचाक्या. सगळे हॉर्न वाजवत होते आणि मागे कुणीच सरत नव्हतं. एसटीचा ड्रायव्हर तरुण होता. तो खिडकीतून डोकं काढून एकदा पुढे बघायचा, एकदा दगडाकडे. डावा आरसा कमानीच्या दगडाला टेकायला आला होता.

दादा रस्त्याच्या कडेला उभे होते. मी त्यांचं कोपर धरलं होतं. त्यांचे ओठ हलत होते. "आरसा," ते पुटपुटले. "आरसा दुमड ना रे." मग जरा मोठ्याने. मग माझ्या कानाशी एवढ्या जोरात ओरडले की मी दचकले, "अरे आरसा दुमड!"

हॉर्नच्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार. माझ्या हातातून कोपर सुटलं आणि दादा सरळ त्या दोन बसच्या मधे जाऊन उभे राहिले.

"दादा!" मी ओरडले. आईने माझं मनगट पकडलं.

आधी त्यांनी सहलीच्या बसच्या बॉनेटवर थाप मारली. "मागं घे. मागं. तुला मागं जागा हाय, त्याला नाय." का कुणास ठाऊक, त्या ड्रायव्हरने लगेच रिव्हर्स टाकला. त्या आवाजात काहीतरी असतं. त्याच्या मागच्या मोटारी कुरकुरत सरकल्या, बस सरकली. मग दादा एसटीकडे वळले. कंडक्टरला खाली उतरवून डावा आरसा दुमडायला लावला आणि गाडीकडे तोंड करून, उलट पावली चालायला लागले.

"येऊ दे… येऊ दे… उजव्या हाताला धर… बस. आता सोड. येऊ दे, लई जागा हाय, भिऊ नको."

गाडी वीतभर सरकायची, दादा पाऊलभर मागे यायचे. कमानीच्या अंधारातून ते असे हळूहळू उन्हात आले, त्यांच्यामागून लाल गाडी आली. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी शिट्टी मारली.

"अगं," आई माझ्या कानाशी म्हणाली, "हात बघ त्यांचे."

मी बघितलं. दोन्ही हात वर होते. दोन्ही, डोक्याच्या वर, बोटं पसरून गाडीला बोलावत होते. किती महिन्यांनी मी त्यांचा खिसा उघडा पाहत होते. आनंदाने माझे डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

एसटी पुढे येऊन कडेला थांबली. तरुण ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "काका, लाइनवर व्हते काय तुम्ही?"

"व्हय. हीच गाडी. कन्नड-पिशोर."

त्याने हात जोडले. "या मग, बसा. कुठं सोडू?"

"किल्ल्यापर्यंत चाललोय."

"बसा की. आपलीच गाडी हाय."

दार उघडं होतं, पायरी समोर होती, आणि त्या पायरीवर त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. दादा थोडा वेळ पायरीकडे बघत राहिले. त्यांना दम लागला होता, ते मला दिसत होतं. त्यांनाही समजत असणार. हात खिशाकडे गेला, तिथे क्षणभर थांबला आणि पुन्हा खाली आला.

"नको," ते म्हणाले. "मी येतो चालत."

"तुम्ही या चालत," आई म्हणाली, "माझ्या गुडघ्यात काय कुणी स्प्रिंग बसवली नाय." आणि डब्याची पिशवी सांभाळत ती दांडी धरून वर चढलीसुद्धा. खिडकीत बसून तिने आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हीच मागे राहिलेले प्रवासी.

दादांनी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. गाडी सुटली.

आम्ही दोघं तटाच्या कडेने उतरत गेलो. दादा दोनदा थांबले, झाडाखाली उभे राहून श्वास घेतला, आणि रिक्षाचं नाव काढलं नाही. "ही भिंत गाडीतून एवढी लांब वाटत नाय," एवढंच म्हणाले. मग एका बुरुजापाशी त्यांनी मला दाखवलं की ह्याच वळणावर त्यांना पावसाळ्यात गाय आडवी यायची, दरवर्षी, आणि त्यांना वाटायचं ती एकच गाय आहे. समोर डोंगर वर चढत गेलेला, त्याच्या पायथ्याशी मिनार. जाताना डावीकडं आणि येताना उजवीकडं असलेला किल्ला आता सरळ आमच्यासमोर होता.

आई किल्ल्याच्या बाहेर कट्ट्यावर डबा उघडून बसली होती. दादांनी एक धपाटा हातात घेतला आणि खात खातच पहिल्या दरवाज्यापाशी गेले. प्रचंड लाकडी दार, त्यावर हत्तीने धडक देऊ नये म्हणून बसवलेले लोखंडी खिळे. आत वाट लगेच काटकोनात वळते. दादांनी डोळे बारीक केले. उंची पाहिली, रुंदी पाहिली, ते वळण वाकून पाहिलं. आई आणि मी निकालाची वाट बघत उभ्या राहिलो.

"इथून गाडी निघत नाय," दादा म्हणाले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, चालावंच लागतंय," असं म्हणत ते आत गेले.