राक्षसीचा शेवटचा शब्द

बाईंचा आवाज इतका मऊ, की त्यांनी मारलेली हाक दारातल्या दूधवाल्यालाही ऐकू यायची नाही. आणि पोटापाण्याचा धंदा काय, तर किंचाळणं. सिनेमात कोणी कड्यावरून पडलं, कोणाला भूत दिसलं, की डबिंग स्टुडिओतून बाईंना बोलावणं आलंच. पडद्यावरची नटी नुसता आ करायची. त्यात जीव ओतायच्या बाई. "मी ओरडले तर माझा घसा बसतो, ही ओरडली तर घर चालतं," असं सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगत.

तर देवदानवांच्या युद्धाचा तो अवाढव्य सिनेमा. सोन्याच्या नगऱ्या, उडते रथ, ढगांतून धावणारं सैन्य. आणि मधोमध सात तोंडांची राक्षसी. देवाचा बाण लागतो आणि ती आकाशातून पडते. पडते म्हणजे काय, पडतच राहते. तिची किंचाळी बाईंची. काचेच्या खोलीत, माइकपासून दोन हात मागे उभं राहून त्यांनी एका दमात तिला जमिनीपर्यंत पोचवलं होतं. मग डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. बाहेर आल्यावर रेकॉर्डिंगवाला दादा म्हणाला, "ताई, यात हत्ती मिसळणार, वीज मिसळणार. तुमचं किती उरेल, सांगता येत नाही."

ते 'उरेल' बाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. थिएटरात जाऊन आल्या, तर राक्षसी पडायला लागताच प्रेक्षकांनी शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी किंचाळी. ती सिनेमात आहे की हत्तीने खाल्ली, हे खुद्द किंचाळणारीलाच ठाऊक नाही.

म्हणून सिनेमाची डिस्क बाजारात आली त्या सकाळी दुकानदाराच्या आधी बाईंचा नवरा शटरपुढे हजर. घरी येऊन वेष्टन फाडायला त्याने दात लावले. लेकीने पडदे ओढले, पंखा बंद केला, कुकर उतरवला. सासूबाईंचा खोकलासुद्धा चमचाभर मध देऊन बंद करण्यात आला.

राक्षसी पडू लागली. बाईंनी उशी पोटाशी आवळली. वीज कडाडली, फडताळातल्या बरण्या थरथरल्या.

"ही तूच ना?" नवऱ्याने विचारलं.

"तो हत्ती आहे."

"मग ही आत्ताची?"

"दुसरा हत्ती."

नवऱ्याने दुसऱ्या हत्तीचंही कौतुक केलं असतं, पण बाईंचा चेहरा उतरला होता. राक्षसी धाडकन आपटली. धुळीचा लोट उठला, सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "अगं बाई."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? माझ्या तोंडात मध आहे."

लेकीने मागे नेऊन पुन्हा लावलं. वीज, हत्ती, दुसरा हत्ती, धूळ. राक्षसीची सातही तोंडं मिटत आली आणि त्यांतल्या एकातून स्पष्ट आलं, "अगं बाई."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "हे मी स्टुलावर बसताना म्हणाले असणार. माइक चालूच होता. दादाने राहू दिलं. अहो, ते माझं आहे."

"आई, थांब जरा," म्हणत लेकीने रिमोटवरून भाषा बदलली. आता देव कुठल्याशा भाषेत घशातून गुरगुरला, सेनापतीनेही तसंच गुरगुरून मान डोलावली, बाण सुटला, राक्षसी आपटली. "अगं बाई." पुढच्या भाषेत देव नाकातून बोलला. राक्षसीचं मात्र तेच. नवरा सोफ्यावर चढून टाळ्या पिटू लागला.

"देवाला काय हव्या त्या भाषेत बोलू दे," सासूबाई मध गिळून म्हणाल्या, "मरताना तिला आपलीच आठवते."

बाईंचे गाल हसून हसून दुखायला लागले होते.

"अजून किती भाषा राहिल्यात गं?"

"दोन."

"मग मार की तिला."