काकूचा घट

अक्षय्यतृतीया, सकाळ, कल्याण. हजर: आमचे हे, यांच्या आत्याबाई, धाकटी जाऊ येसू, भटजी आणि मी. एवढ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते आहे. एरवी भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना मीच हसत आले... मला कळतं ते सरपण किती उरलं आणि पानं किती मांडायची, एवढंच.

पितरांच्या नावाने पाण्याचे घट द्यायचे होते. कुंभाराकडून मी नेहमी एक जास्त मागवते, एखादा तडकला तर ऐनवेळी धावाधाव नको. येसूने सगळेच भरून मांडले, जास्तीचाही. भटजी आले तेव्हा तो जास्तीचा कोरडा होता. खाली ओलही नाही.

"जाऊबाई, भरला होता हो मी!"

मी पुन्हा भरला, खालून हात फिरवला. तडा नव्हता. सगळे समोर बसलेलो असताना तो परत रिकामा झाला.

हे हसले. "एवढ्या याद्या करतेस, आणि हा पाहुणा लिहायचा राहिला?"

आत्याबाई हसल्या नाहीत. "काकू आली असेल."

काकू म्हणजे त्यांच्या वडिलांची विधवा भावजय. आई गेल्यावर आत्याबाईंना तिनेच वाढवलं. परसातली विहीर तिने स्वतःच्या पाटल्या मोडून खणवली. विहिरीच्या दगडावर नाव मात्र दिराचं! लग्न होऊन आल्यापासून मी तिथलं पाणी भरते — मला हे तेव्हा कळलं.

भटजींनी संकल्पासाठी नाव विचारलं.

"काकू."

"ते नातं झालं, आत्याबाई. नाव?"

आत्याबाईंचे डोळे भरले. "सगळी तिला काकूच म्हणायची हो. मी कधी विचारलंच नाही. आता मी गेले की तेवढंही म्हणणारं कोणी नाही."

"नाव ठाऊक नसलं तरी सोय आहे," म्हणत भटजींनी घट पुन्हा भरायला लावला आणि मंत्र म्हटला. घट रिकामा झाला. येसूने माझा पदर घट्ट धरला. हे आता हसत नव्हते.

तेव्हा आत्याबाई पुढे सरकल्या, स्वतः पाणी ओतलं, घटावर तळवा ठेवला. "काकू, मी चिमी."

आत्याबाईंचं हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. पाणी राहिलं.

भटजींनी तो घट काही नेला नाही. माजघरात आहे. आत्याबाई भरतात, तर पाणी राहतं. त्यांना ताप आला त्या दिवशी मी भरला — वळून पाहते तो कोरडा. जागा बदलली, शेजारी दुसरा घट ठेवून पाहिला. उलगडा नाही. हातातलं काम टाकून मी मध्येच उठते, घट बघून येते.

आत्याबाई आता अंथरुणावरच आहेत. मी खोलीत गेले की विचारतात, "सापडलं?" पाथरवटाला विहिरीच्या दगडावर काकूच्या नावासाठी जागा धरायला सांगितली आहे. काकूचं माहेर खडवलीचं. आगगाडी, मग बैलगाडी करून एकदा जाऊन आले. "कल्याणला दिलेली ती," एवढंच एका म्हातारीला आठवलं. त्या म्हातारीची थोरली बहीण नदीपलीकडे असते, काकूचं माहेरचं नाव तिला ठाऊक असेल म्हणाली.

अंधार पडत होता म्हणून परतले. नदी ओलांडायची राहिली आहे.