ईस्टरपर्यंत बाकं भरायची होती

चर्चची घंटा वाजवायचं आणि बाकं पुसायचं काम माझ्याकडे. लोक उठून जातात तेव्हा काहीतरी मागे राहतंच. कुणाचा रुमाल, कुणाचा चष्मा, कुणाचा किस्सा. रुमाल न्यायला परत येतात, किस्से माझ्याकडेच पडून राहतात.

कोरोनात आमची मराठी उपासना मोबाईलवर गेली, ती परत यायलाच तयार नव्हती. चर्चचं कुलूप निघालं तरी लोक घरीच. आमची झाली की त्याच चर्चमध्ये हिंदी उपासना असते. तिचे पुढारी जोसेफजी. माणूस चांगला, पण त्यांच्या लोकांना जागा पुरेना. शेवटी कमिटीत ठरलं : ईस्टरपर्यंत मराठीची बाकं भरली नाहीत, तर मराठी मोबाईलवरच राहील आणि आमची वेळही हिंदीला.

मी शाळेत गेलो नाही. मराठीची जी काही चार अक्षरं येतात ती याच उपासनेत बसून शिकलो. म्हणून जीव खाली-वर होत होता.

*

पहिल्या रविवारी थोडेच लोक आले. पाळक साहेबांनी आशीर्वाद दिला आणि सगळ्यांनी हात वर करून त्यांना टाटा केला! मोबाईलवर तसंच करायची सवय ना. साहेबांनीही हात हलवला. मग कुणी उठेचना. सगळे त्यांच्याकडे बघत बसले, ते लोकांकडे.

दारात जोसेफजी घड्याळ बघत उभे होते. म्हणाले, "साहब, मीटिंग बंद करो, तभी तो ये लोग जाएंगे."

*

गाण्याची तर गंमतच. घरी प्रत्येकजण मोबाईलवर आपला आवाज बंद ठेवून आपल्या चालीनं गायचा. आता एकत्र गायला लागले तर पुढचं बाक तिसऱ्या कडव्यावर, मागचं अजून पहिल्यावर. पेटीवाले बिचारे कधी इकडे, कधी तिकडे. गाणं संपलं ते हप्त्या-हप्त्यानं. सगळ्यात शेवटी फिलिपमामा, एकटेच, डोळे मिटून. त्यांचं झाल्यावर साहेब म्हणाले, "आता सगळे पोचले. बसा."

*

हे फिलिपमामा रेल्वेतून रिटायर. घरी उपदेश ऐकता ऐकता नाश्ता करायची सवय लागलेली. एका रविवारी उपदेश ऐन रंगात आला आणि मामांनी डबा उघडला. पोहे! सगळ्या चर्चमध्ये वास. मामी कोपरानं ढोसतायत, मामांचं लक्ष साहेबांकडे आणि चमचा तोंडाकडे.

साहेब थांबले. मला वाटलं, आता मामा पुन्हा येत नाहीत, एक माणूस गेला. साहेबांनी शांतपणे विचारलं, "मामा, शेव नाही आणली?"

पुढच्या रविवारी मामा आले. शेजारचं घरही घेऊन आले. डबा मात्र बाहेर माझ्याकडे ठेवला.

*

शांतामावशी चर्चच्या मागच्याच गल्लीत राहतात. आमच्यात गाणं उचलणाऱ्या त्याच, आणि बाया त्यांच्या मागे. पण त्या यायला तयार नव्हत्या. मी दोनदा जाऊन विनंती केली. म्हणाल्या, घरात मोबाईलवर सगळं छान ऐकू येतं, गुडघेही दुखत नाहीत.

मग चर्चमध्ये लोक वाढले, तसा आवाज त्यांच्या खिडकीतून आत जायला लागला. खिडकीतून गाणं आधी यायचं, मोबाईलवरून तेच मागून. मावशी कुठल्याबरोबर गाणार? एका रविवारी मधल्याच कडव्याला तरातरा चालत आल्या, हातात मोबाईल तसाच चालू.

मला म्हणाल्या, "दोन-दोन चर्च चालू आहेत घरात. डोकं फिरलं माझं. सरक."

त्यानंतर बाया आल्या. सुनाही आल्या.

*

आणि ईस्टर उजाडला.

आमच्यात पाळक म्हणतात, "ख्रिस्त उठला आहे," आणि मंडळी उत्तर देते, "खरोखर उठला आहे." मोबाईलवर सगळ्यांचे आवाज बंद, त्यामुळे कोरोनातल्या ईस्टरला साहेब स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. त्या सकाळीही सवयीनं ते आपलं उत्तर द्यायला लागले. पण त्यांचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. असं उत्तर आलं की कौलावरची कबुतरं उडाली! साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तर बाहेर थांबलेल्या हिंदीवाल्यांनीही उत्तर दिलं, तेही मराठीत.

मी दारात उभा होतो. जोसेफजी माझ्या खांद्यावरून आत डोकावले. हळूच विचारलं, "भैया, अंदर बैठने की जगह है क्या?"

मी एकेका बाकावरून नजर फिरवली. घाई केली नाही.

म्हटलं, "नहीं है, जोसेफजी. खड़े रहना पड़ेगा."